गोड्या पाण्यातलं इंजिन

आषाढ सरत आला की मला राग यायला लागतो. या दिवसांत लोकांना भजी आठवतात, धबधबे आठवतात, हिरवेगार डोंगर आठवतात. मला आठवतो पेट्रोलचा वास, आणि दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

बदलापूर पश्चिमेला, नदीच्या अंगाला आमचं तळमजल्याचं घर आहे. उल्हास गढूळ झाली, फुगली, की पुलावर माणसं गोळा होतात. मोबाईल उंच धरून पाणी दाखवतात. "भाई, पानी देख, पानी!" म्हणून ओरडतात. त्यांच्या त्या फोनमध्ये मागे कुठेतरी आमची गल्लीही येत असणार. संध्याकाळी भोंगा लावलेली गाडी फिरते. नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? गॅसची टाकी माळ्यावर चढवायची, तांदळाचा डबा चढवायचा, गाद्या चढवायच्या, आणि मग स्वतः कुठे चढायचं?

"आला तुझा सीझन," माझा नवरा विलास म्हणतो. तो हसत म्हणतो, पण माझ्याकडे न बघता. आमच्यात या रागाबद्दल फारसं बोलणं होत नाही. रागाला एक रंग आहे, राखाडी. नव्यानं मारलेल्या ऑइलपेंटचा राखाडी.

दोन वर्षांपूर्वी पाणी पहाटे आलं होतं. आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेलो. आमच्या शेजारी, गल्लीच्या टोकाला, पार्वतीमावशी एकटी राहायची. मूळची इथलीच. तिच्या सासऱ्याची भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि तिच्याकडे उरलं होतं कौलारू घर, चार कोंबड्या आणि दोन निकामी गुडघे. विलास तिला आणायला निघाला तोवर गल्लीत छातीभर पाणी आणि त्याला जबरदस्त ओढ. दोनदा गेला, दोनदा परत आला. मग आम्ही वरच्या गॅलरीतून तिला हाका मारत राहिलो. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर बसली होती. खिडकीतून तिचं डोकं दिसायचं आणि एक हात, गज धरलेला. विलास फोनवर ओरडत होता. समोरून दर वेळी तेच उत्तर, होडी दुसऱ्या भागात अडकली आहे, येते आहे. होडी दुपारी आली. तोवर पाणी ओट्यावर चढून मावशीच्या पोटाशी आलं होतं. तिला काढलं तेव्हा तिची बोटं गजाभोवती इतकी आवळली होती की एकेक बोट सोडवावं लागलं. पुढचे कितीतरी दिवस ती कुणाशी बोलली नाही. कोंबड्या गेल्या होत्या. मी चहा घेऊन जायची, ती कप हातात धरून बसायची आणि चहा तसाच थंड व्हायचा.

विलासच्या डोक्यात होडी शिरली ती तेव्हा. अंबरनाथच्या एमआयडीसीत तो कामाला. पंप, मोटर, यंत्रं त्याला नवी नाहीत. "पुढच्या वर्षी मी कुणाला फोन लावणार नाही," तो म्हणाला. मी तेव्हा त्याला वेड्यात काढलं नाही. मावशीची ती बोटं मी पाहिली होती.

त्याच्या खात्यातला बुवापाड्याचा एक जण म्हणाला, ओळखीत एक शेठ आहे, वापरलेली होडी विकतोय. पद्माकरशेठ. गळ्यात जाड साखळी, बोलणं लोण्यासारखं. अंबरनाथच्या बाहेर एका जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात त्यानं होडी सोडून ठेवली होती. फायबरची, पाचसहा माणसं मावतील एवढी, मागच्या बाजूला इंजिन लटकवलेलं. शेठनं दोरी ओढली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. त्यानं विलासला बसवून एक चक्कर मारली आणि काठाला आणून लगेच बंद केलं.

"उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?" तो म्हणाला. "वहिनी, फार्महाऊसच्या तळ्यातलं इंजिन आहे. गोड्या पाण्यातलं. समुद्राचं पाणी याला माहीतच नाही. घरच्या पोरासारखं वापरलंय."

मी जवळ जाऊन वास घेतला. "रंग नवा आहे का?"

"सर्व्हिसिंग करून देतोय ना, वहिनी. नवरीला तयार करूनच पाठवतात."

विलास हसला. मी हसले नाही, पण बोललेही नाही काही. विलासच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी काहीतरी उजळलं होतं.

वैशाखात आमच्याकडे नदी अगदी गरीब असते. बंधाऱ्याच्या वर तेवढं पाणी थांबलेलं. रविवारी सकाळी विलास तिथे होडी सोडायचा आणि मी काठावर छत्री धरून बसायची, उन्हासाठी. इंजिन गुरगुरत सुरू व्हायचं, होडी ऐटीत मध्यापर्यंत जायची, वळायची, विलास मला हात करायचा. आणि थोड्या वेळानं आवाज जड व्हायचा, जिन्यानं चढणाऱ्या लठ्ठ माणसाच्या श्वासासारखा, आणि थांबायचा. मग त्या शांततेत विलास दोरी ओढताना दिसायचा. एकदा, दहादा, हात भरून येईपर्यंत. बंधाऱ्यावर पोहायला आलेली पोरं ओरडायची, "काका, धक्का मारू का?" शेवटी तो वल्ही घेऊन घामाघूम होत काठाला यायचा. घरी आणून इंजिन थंड झालं, पिंपातल्या पाण्यात धरलं, की पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू.

"बघ, चालतंय!" तो म्हणायचा.

"पिंपात चालतंय. मावशी काय पिंपात बुडणार आहे?"

तो त्या इंजिनाशी बोलायचा. खरंच. "चल रे राजा, आता नखरे नको." फडक्यानं पुसायचा. त्यानं माझ्याशी त्या स्वरात बोलून किती वर्षं झाली याचा मी विचार करायची, आणि तो विचार केल्याचा मला आणखी राग यायचा. मी लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवते. घरी आल्यावर मोरीत कार्बोरेटर भिजत पडलेला, माझ्या भाजीच्या सुरीनं त्यातला मळ काढलेला. सुरी मी फेकून दिली. नवी आणली. तीही त्यानं वापरली.

मग उल्हासनगर. कॅम्प पाचमध्ये मोहनभाईचं दुकान होतं. जनरेटर, पाण्याचे पंप, गवत कापायची मशिनं, सगळं तिथे एकमेकांवर रचलेलं. मोहनभाई सिंधी, पोटावर बनियन ताणलेलं, आत्मविश्वास त्याहून ताणलेला. "साईं, प्लग का लफडा है," तो म्हणाला. प्लग बदलला. इंजिन नदीत बंद पडलं. "कार्बोरेटर गया है," तो म्हणाला. कार्बोरेटर बदलला. इंजिन बंद पडलं. "पेट्रोल में पानी होगा, आप भरते कहाँ से हो?" असं तो म्हणाला तेव्हा मी त्याच्या काउंटरवर हात आपटला.

"भाई, हर बार आप एक चीज बदलते हो और हर बार वो बीच नदी में मरता है. अंदर खोल के देखा है एक बार तरी?"

मग चिडूनच त्यानं पाना घेतला. एक बोल्ट उघडता उघडेना. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या घातल्या. शेवटी झाकण निघालं, आणि आम्ही तिघंही वाकून बघत होतो. आत पांढरं होतं. गीझरच्या कॉइलवर चढतो तसा टणक पांढरा थर, आणि त्याखाली धातू बुरशी लागलेल्या पावासारखा खाल्लेला.

मोहनभाईनं नखानं थोडं खरवडलं, जिभेवर ठेवलं, आणि थुंकला. "नमक. ये तो खारे पानी का माल है."

त्यानं समजावलं ते असं. हे इंजिन नदीचंच पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवतं. आतल्या वाटा मिठानं बुजल्या, की ते गार होत नाही. थोडा वेळ चालतं, तापतं, अडकतं. थंड झालं की पुन्हा चालतं. म्हणजे खाणीतल्या एका छोट्या चकरेत काहीच कळणार नव्हतं, आणि हे चक्कर मारणाऱ्याला पक्कं माहीत होतं. खाडीत वर्षानुवर्षं राबवलेलं इंजिन. वरून राखाडी रंग.

"साफ करता हूँ जितना होता है," मोहनभाई म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "चलेगा. लेकिन भाभी, भरोसा मत करना."

भरोसा करू नका. मग होडीच्या इंजिनाचं करायचं तरी काय असतं?

आम्ही शेठकडे गेलो. त्याच्या बंगल्याच्या ओट्यावर झोपाळा, समोर दोन कुंड्यांत क्रोटन. त्यानं चहा मागवला. विलास चहा घेऊ लागला, मी घेतला नाही. मी प्लास्टिकच्या पिशवीतून त्या पांढऱ्या थराचा तुकडा काढून त्याच्या झोपाळ्यावर ठेवला.

"हे काय, वहिनी?"

"तुमच्या तळ्यातलं मीठ."

तो हसला. हे मी विसरू शकत नाही. खोटं पकडलं गेल्यावर माणूस चपापतो, चिडतो, निदान नजर तरी चुकवतो. हा मोकळेपणानं हसला, आमच्या हुशारीचं कौतुक असल्यासारखा. "मी काय इंजिनाच्या आत शिरून बघितलं होतं का? मलाही कुणीतरी असंच सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं. सेकंडहँड घेताना एवढं चालायचंच."

"शेजारची बाई पाण्यात बसली होती, पाच तास. तिच्यासाठी घेतलं होतं हे. तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हणूनच तर दिलं. पुण्याचं काम म्हणून दिलं."

विलासनं कप खाली ठेवला. "चल, सुमन," तो म्हणाला. "जाऊ दे."

परत येताना रिक्षात मी त्याला विचारलं, "काय जाऊ दे? कुठे जाऊ दे?" तो बाहेर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मला तेव्हा कळलं की त्याला राग आलाच नव्हता. त्याला लाज वाटत होती. फसवणाऱ्याला झोपाळ्यावर झोके, आणि फसलेल्याला लाज. ही वाटणी कुणी केली, कधी केली, कोण जाणे. मला मात्र त्या दिवशी विलासचाही राग आला, त्याच्या त्या लाल कानांचा.

आणि मग आषाढ सरत आला.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी कणीक मळत होते आणि मोरीतून पाणी उलटं वर आलं. गटाराचं, काळं. दहा मिनिटांत उंबऱ्यावर बाहेरचं आलं, तांबडं. गल्लीच्या पलीकडचा टॉवर बांधताना त्यांनी जमीन पुरुषभर भरून घेतली आहे. पूर्वी जे पाणी त्या शेतात पसरायचं ते आता त्यांच्या कंपाउंडला आपटून आमच्याकडे वळतं. विलासनं होडी दारातच बांधून ठेवली होती. एकट्यानं मावशीला उचलता आलं नसतं, म्हणून मीही चढले.

मावशी दारातच खुर्चीवर बसली होती, पाय पाण्यात, मांडीवर टोपली, टोपलीत नव्यानं पाळलेल्या दोन कोंबड्या.

"मना नको नेव रं इलास," ती म्हणाली. "मी आपली माल्यावर बरी हाय."

"मावशी, माळ्यावर चढणार कशी तू? चल, गुपचूप."

आम्ही तिला उचललं. ती जड होती आणि भीतीनं आणखी जड झाली होती. कोंबड्या आल्या, टोपली आली, ती आली. विलासनं दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ते आवडलं. आम्ही गल्लीतून वर निघालो. दोन्ही बाजूंनी लोक गॅलरीतून बघत होते, कुणीतरी शिट्टी मारली, आणि विलासनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, बरोबर होतास तू.

गल्ली संपते तिथे नाला आडवा येतो. तो ओलांडला की चढ आणि वरचा रस्ता. नाल्यावर पाणी धावत होतं, नदीकडे, दोरीसारखं पीळ घेऊन. बरोबर मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला. मी तो ओळखला. मावशीनंही ओळखला असावा, तिनं टोपली छातीशी धरली. आवाज थांबला.

होडी आडवी फिरली आणि नदीकडे निघाली. विलास दोरी ओढत होता. मी ओरडले, "सोड ते! वल्हं घे!" तो ओढतच होता, झाकण उघडून आत हात घालत होता, आणि पोळल्यावर किंचाळला. त्याच्या तळहाताची कातडी झाकणाला चिकटून निघाली. टॉवरच्या कंपाउंडच्या भिंतीवर लोखंडी जाळी आहे, वर भाल्यासारखी टोकं असलेली, आमच्यासारखे आत येऊ नयेत म्हणून बसवलेली. होडी त्या भिंतीला घासली आणि मी दोन्ही हातांनी जाळी धरली. खांद्यातून काहीतरी तुटतंय असं वाटलं. पाणी होडी ओढत होतं, मी होडीच्या आतल्या फळीत पाय अडकवून जाळी धरून होते.

तेव्हा पार्वतीमावशी बोलली. वर्षभर जी बाई कामापुरत्या दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती, तिनं त्या इंजिनाला, ते बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना ज्या शिव्या घातल्या त्या मी इथे लिहू शकत नाही. कोंबड्यांची टोपली बाजूला ठेवून तिनंही जाळी धरली. त्याच बोटांनी. "हात बदल, सुमन," ती म्हणाली, "एक सोर, पुरचा धर." एक गज सोडायचा, पुढचा धरायचा. विलास एका हातानं वल्हं भिंतीला टेकवून रेटत होता. अशी ती होडी आम्ही टॉवरच्या भिंतीनं, गजागजानं, चढापर्यंत नेली. वर आठव्या मजल्यावरून कुणीतरी आमचा व्हिडिओ काढत होतं.

मावशी वाचली. तिची मुलगी अंबरनाथहून आली आणि तिला घेऊन गेली, ती कायमचीच. घराला कुलूप आहे. कौलं ढासळताहेत, आणि एक एजंट दर महिन्याला येऊन बाहेरून फोटो काढून जातो. मावशी वाचली, पण तिच्या घरातून गेली. इंजिन चाललं असतं तर ती दुसऱ्या दिवशी परत आली असती, अंगणातला गाळ ओढला असता, कोंबड्या सोडल्या असत्या. हे मी विलासला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला ते माहीत आहे.

गणपतीच्या आधी शेठचा फोन आला. पुरानंतर होड्यांना भाव आला होता. त्याच्याकडे पालेगावचं गिऱ्हाईक होतं. "विलासभाऊ, तुमचं जेवढं गेलं तेवढं वसूल. मी मध्ये आहे ना."

विलास म्हणाला, देऊन टाकू.

"आणि काय सांगणार त्यांना?"

"काही नाही सांगणार. आपल्याला कुणी सांगितलं होतं?" त्याच्या तळहातावरची नवी कातडी गुलाबी, चकचकीत होती. "आपणच का बुडायचं, सुमन? दर वेळी आपणच का?"

प्रश्न खरा होता.

शेठ त्या माणसाला घेऊन आला. पन्नाशीचा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बोलताना शब्द शोधणारा. पालेगावात त्याच्या घराच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या, ओढा बुजवला होता, आणि आता पाणी त्याच्या अंगणात यायचं. वडील अर्धांगवायूनं खाटेवर. विलासनं पिंपात इंजिन धरलं, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात.

"बघा!" शेठ म्हणाला. "गोड्या पाण्यातलं इंजिन आहे."

तेच वाक्य. माझ्या दारात उभं राहून, माझ्या तोंडावर. त्या माणसानं शेठकडे पाहिलं नाही, विलासकडेही नाही. तो माझ्याकडे वळला. "ताई, चालतं ना बरोबर? बाबांना हलवायचं असतं, म्हणून विचारतो."

"नाही," मी म्हणाले. "थोडं चालतं आणि बंद पडतं. मध्यावर. आतून मिठानं खाल्लेलं आहे, आणि यांना ते माहीत आहे."

शेठचं हसू पहिल्यांदा गेलं. "वहिनी, तुम्हाला धंदा कळत नाही," तो म्हणाला, आणि आणखी बरंच. गाडीचं दार आपटून तो निघून गेला. पालेगावचा माणूस तिथेच उभा राहिला. मला वाटलं होतं, तो आभार मानेल. तो म्हणाला, "मग आता मी काय घेऊ, ताई? पाऊस तर अजून आहे."

खरं बोलल्याचं समाधान माझ्या पदरात, आणि तो रिकाम्या हातानं उभा. तेवढ्यात विलासनं इंजिनाचे स्क्रू सोडायला घेतले. ते होडीवरून काढलं आणि जमिनीवर टाकलं, ठेवलं नाही. "होडी चांगली आहे," तो म्हणाला. "होडी न्या. वल्ही देतो. पाण्याच्या ओढीला लावू नका, भिंतीच्या कडेनं जा." मग त्यानं त्या माणसाला वल्हं कसं धरायचं ते दाखवलं, आपल्या गुलाबी तळहातानं. इंजिन त्यानं मला न सांगताच भंगारात दिलं, मी लॅबमध्ये असताना.

आता आमच्याकडे होडी नाही. यंदा भोंग्याची गाडी फिरली त्या रात्रीच आम्ही माझ्या बहिणीकडे कल्याणला गेलो. दुसऱ्या दिवशी पालेगावहून फोन आला.

"पाणी आलं होतं, ताई. अंगणात कंबरेइतकं. बाबांना होडीत घातलं, वल्ह्यानं काढलं. सुखरूप आहेत. तुमचे फार उपकार झाले."

"नाही हो," मी म्हणाले, "उपकार कसले." विलास शेजारी बसून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी फोन ठेवला आणि बहिणीच्या गॅलरीत जाऊन उभी राहिले, आणि मला पुन्हा राग आला. आधीपेक्षा जास्त. खाटेवरचा म्हातारा माणूस स्वतःच्या अंगणातून होडीनं काढावा लागतो, आणि त्यासाठी आम्ही एकमेकांचे आभार मानत होतो.